हिशोब आपला, किल्लीही आपल्याच हाती हवी

गेल्या काही वर्षांत आमच्या कापडधंद्यातील लहान पेढ्यांपुढे एक नवा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. सुताच्या खरेदीची बिले, ताक्यांच्या याद्या, व्यापाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार, उधारीचे तक्ते हे सारे आता 'क्लाऊड'वर ठेवा, असा आग्रह चारी बाजूंनी होत आहे. कर-सल्लागार सांगतो, कॉम्प्युटर विकणारा सांगतो, कॉलेजातून शिकून आलेली मुले तर घरातच तकादा लावतात. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, चार-सहा माणसांत धंदा चालवणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या याचे उत्तर द्यावेच लागणार आहे.

या बाबतीत आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, लाल वही बरी, ती कधी बंद पडत नाही. तरुण म्हणतात, वही-बिही सोडा, सगळे क्लाऊडवर टाका आणि मोकळे व्हा. माझ्या मते दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. ही सोय घेण्यासारखी आहे, यात शंका नाही. परंतु ज्या सावधपणे आपण सुताचा भाव करतो, त्याच सावधपणे ती घेतली पाहिजे. कोणते सॉफ्टवेअर चांगले, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, त्यात ठेवलेला आपला हिशोब उद्या आपल्या हाती राहील की नाही?

ढग नव्हे, भाड्याचे गोदाम

क्लाऊड म्हणजे ढग. पण नावावर जाऊ नये. तिथे ढगात काही नसते. एखाद्या कंपनीच्या मोठ्या इमारतीत हजारो संगणक असतात आणि त्यांतील थोडी जागा आपण भाड्याने घेतो. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवण्यासारखाच हा व्यवहार आहे. गोदाम घेताना आपण काय विचारतो? भाडे किती, ते वाढणार केव्हा, किल्ली कोणाकडे, आग लागली तर काय, आणि माल परत न्यायचा झाल्यास दार उघडे मिळेल ना? क्लाऊडच्या बाबतीत हेच प्रश्न विचारायचे आहेत. फरक एवढाच की गोदाम डोळ्यांना दिसते, हे दिसत नाही, म्हणून प्रश्न विचारायचे राहून जातात.

लहान धंद्यापुढे आज मुख्यतः तीन दुकाने उघडी आहेत. गूगलने २००६ साली ही सेवा सुरू केली. तिचे नाव दोनदा बदलले आणि २०२० पासून ती गूगल वर्कस्पेस म्हणून ओळखली जाते. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ऑफिस ३६५ आणले, तेच आज मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. तिसरी आपल्या देशातली झोहो, चेन्नईची. तिची माहिती साठवण्याची केंद्रे मुंबईत व चेन्नईत आहेत. तिघांकडेही ईमेल, पत्रलेखन, हिशोबाचे तक्ते आणि कागदपत्रे साठवण्याची जागा एकत्र मिळते. कामाच्या दृष्टीने पाहता आपल्यासारख्यांना या तिघांत फारसा फरक जाणवणार नाही. फरक पडतो तो अटींत.

भाडे महिन्याचे, जबाबदारी सहा वर्षांची

पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की ते आपले होत असे. दहा वर्षे वापरा, कोणी विचारत नसे. आता माणशी, महिन्याला भाडे असते. समजा एका खात्याचे महिन्याला २५० रुपये आहेत आणि पेढीवर पाच खाती लागतात. महिन्याला १,२५० म्हणजे वर्षाला १५,००० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १७,७०० आणि पाच वर्षांत ८८,५००. विक्रेता 'महिन्याला फक्त अडीचशे' म्हणतो, आपण मात्र पाच वर्षांचाच आकडा मांडून बघावा. आठवड्यातून एकदा बिल पाहणाऱ्याला वेगळे खाते देण्याची गरज नसते, ही गोष्ट मग आपोआप ध्यानात येते.

या जीएसटीतही एक मेख आहे. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला या करावर क्रेडिट मिळू शकते, पण खाते उघडताना पेढीचा जीएसटी क्रमांक भरला असेल आणि बिल पेढीच्या नावे येत असेल तरच. मुलाच्या नावाने, त्याच्या कार्डावरून खाते काढले तर ते क्रेडिट गेले. मजुरीवर माग चालवणारा किंवा भरतकाम करून देणारा कारागीर, ज्याची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने नोंदणीच नाही, त्याला तर हा कर पूर्णपणे खर्चच आहे. त्याने भाड्याच्या फंदात पडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

भाडे वाढणार, हेही गृहीत धरले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये धंदेवाईक योजनांचे दर वाढवले. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी सगळ्या योजनांत घातल्या आणि त्याबरोबर दरही वर नेले. ज्याला त्या सोयी नको होत्या, त्यालाही पैसे भरावे लागले. फुकटाची गोष्ट आणखी बोलकी आहे. गूगलने सुरुवातीची काही वर्षे पेढीच्या नावाचे ईमेल फुकट दिले. डिसेंबर २०१२ पासून नव्या ग्राहकांना ते बंद झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही सांगण्यात आले की आता पैसे भरा. ओरड झाल्यावर घरगुती वापर करणाऱ्यांना सूट मिळाली. धंदा करणाऱ्यांना मात्र भरावेच लागले. दहा वर्षे ज्या पत्त्यावर गिऱ्हाईक पत्र पाठवत होते, तो पत्ता कोण सोडणार? कंपनीने काही गैर केले असे मी म्हणत नाही. गोदाम त्यांचे, भाडे त्यांनी ठरवायचे. आपण मात्र फुकट मिळालेल्या जागेला आपली मालमत्ता समजू नये.

आता कायद्याची बाजू पाहा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. २०२३-२४ सालचे कागद डिसेंबर २०३० पर्यंत सांभाळायचे आहेत. कागदपत्रे संगणकावर ठेवलीत तर त्यांची वेगळी प्रत ठेवा, म्हणजे अपघातात मूळ नष्ट झाले तरी माहिती परत उभी करता येईल, असे याच कायद्याचे नियम सांगतात. क्लाऊडचे भाडे थकले तर काही काळाने खाते बंद होते आणि ठराविक मुदतीनंतर आतील सर्व पुसले जाते. म्हणजे भाड्याचा करार महिन्याचा आणि आपली जबाबदारी सहा वर्षांहून अधिक. चौकशी आल्यावर 'ते सॉफ्टवेअर आम्ही सोडले' हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही. फुकटच्या वैयक्तिक खात्याचीही मुदत असते. दोन वर्षे कोणी उघडलेच नाही, तर असे खाते पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ पासून लागू केले आहे.

किल्ली कोणाच्या खिशात?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. परदेशी कंपनी आपला हिशोब वाचेल काय, याची चिंता आपल्यातले पुष्कळजण करतात. ती अगदीच अनाठायी आहे असे नाही. पण आमच्या बाजारात हिशोब हातचा जातो तो बहुतेक वेळा कंपनीमुळे नव्हे, आपल्याच हलगर्जीपणामुळे.

नेहमी होते असे. मालकाला वेळ नसतो, इंग्रजी वाचण्याचा कंटाळा असतो. हिशोब लिहिणाऱ्या मुलाला सांगितले जाते, 'तूच काढ रे खाते.' तो आपल्या मोबाईल नंबरवर, आपल्या ईमेलवर खाते काढतो. परवलीचा शब्द त्याला ठाऊक, ओटीपी त्याच्या फोनवर येतो. दोन-तीन वर्षे सुरळीत चालते. मग त्याला दुसरीकडे जास्त पगार मिळतो, किंवा पगारावरून कुरबूर होते, आणि तो निघून जातो. तो प्रामाणिक असला तरी त्याचा नंबर बदलतो. प्रामाणिक नसला तर सांगायलाच नको. त्या दिवशी मालकाला कळते की बालोत्रा आणि पालीच्या कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणे आहे, हे दुसऱ्याच्या खिशात होते. तिजोरीची किल्ली ज्याने कधी गुमास्त्याला दिली नाही, त्याने सगळ्या पेढीची किल्ली देऊन टाकलेली असते.

व्हॉट्सॲपचे तर विचारूच नका. आज आमच्या निम्म्या ऑर्डरी, डिझाइनचे फोटो, बिल्टीच्या प्रती, 'माल मिळाला'ची कबुली हे सारे कोणाच्या तरी फोनमध्ये पडलेले असते. फोन चोरीला गेला की पुरावा गेला. वाद झाला तर दाखवणार काय? ऑर्डर व्हॉट्सॲपवर येऊ द्या, हरकत नाही. पण त्याच दिवशी ती पेढीच्या तक्त्यात उतरली पाहिजे आणि बिल्टीचा फोटो पेढीच्या खात्यात गेला पाहिजे.

आपले बहुतेक धंदे घरचे आहेत. बाप, दोन-तीन भाऊ, पुतणे. भाऊ वेगळे होतात तेव्हा माग वाटले जातात, सूत वाटले जाते, दुकानाचा गाळाही वाटला जातो. पण ईमेल खाते आणि त्यातील पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार कोणाचा? ज्याच्या हाती परवलीचा शब्द, त्याचा, असा निकाल लागतो आणि मने कायमची दुखावतात. त्याहून कठीण प्रसंग मृत्यूचा. आपल्या शरियतीत वारसांच्या वाटणीपूर्वी मयताचे कर्ज फेडायचे असते. कोणाचे किती देणे आहे हेच जर बंद खात्यात अडकले, तर ते वारसांनी फेडायचे कसे? दुसऱ्याचे देणे ही अमानत आहे. तिची नोंद आपल्या मागे कोणाला तरी उघडता आली पाहिजे, ही व्यवस्था जिवंतपणीच करायला हवी.

उपाय काही अवघड नाही. पेढीच्या नावाचा स्वतंत्र पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तो मालकाच्या नावावर, मालकाच्या नंबरवर नोंदवावा. खाते बनवून देणाऱ्याच्या नावावर मुळीच नको. डोमेन आपले असले की उद्या गूगल सोडून झोहोकडे गेलो तरी पत्ता तोच राहतो, गिऱ्हाइकाला काही कळवावे लागत नाही. खात्याचे सर्वाधिकार, म्हणजे ॲडमिन, दोन माणसांकडे असावेत: एक मालक आणि दुसरा घरातला भरवशाचा माणूस, मग तो मुलगा असो, मुलगी असो की पत्नी. हिशोबनिसाला त्याच्या कामापुरते वेगळे खाते द्यावे आणि तो गेला की त्याच दिवशी बंद करावे. दुहेरी पडताळणी लावून घ्यावी आणि फोन हरवल्यास वापरायचे जे आकडे मिळतात, ते कागदावर छापून तिजोरीत ठेवावेत.

गोदामाला आग लागली तर

मोठ्यांच्या घरी माल सुरक्षित, हा समजही पूर्ण खरा नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील दैजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठवणारी 'जी-ड्राइव्ह' नावाची सेवा त्यात जळाली. ८५८ टेराबाईट माहिती गेली आणि तिची दुसऱ्या ठिकाणी प्रत नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाच्या सरकारचे हे झाले.

दुसरा धोका आगीपेक्षा वेगळा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनारच्या नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियन कंपनीचा मोठा वाटा आहे. लागलीच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असूनही कर्मचाऱ्यांना आपलेच ईमेल उघडता येईनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायरा मोठी आहे, ती दिल्लीला गेली. आठ माग चालवणारा कोणत्या कोर्टात जाणार? आपल्यावर निर्बंध येतील असे नव्हे. पण दार बंद करण्याची ताकद कोणाच्या हाती आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, क्लाऊडवर कितीही भरवसा असला तरी महिन्यातून एकदा सर्व हिशोबाची प्रत उतरवून घ्यावी आणि ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घरी ठेवावी. ती डिस्क दुकानात ठेवू नये, कारण दुकानालाही आग लागते, पुराचे पाणी शिरते. आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून बघावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड. ज्या सॉफ्टवेअरमधून आपली माहिती साध्या एक्सेलच्या रूपात बाहेर काढता येत नाही, ते कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

आपली लिपी, आपली वीज

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत या दोन गोष्टी सहसा नसतात. आमच्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, हिशोबातील नावे उर्दूत, सरकारी पत्रे मराठीत आणि बिले इंग्रजीत. १९९४ पासून इनपेजमध्ये लिहिलेले आमचे जुने उर्दू कागद या नव्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडत नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमधील पत्रेही निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन समोर येतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी साधी परीक्षा घ्यावी: एका तक्त्यात दहा गिऱ्हाइकांची नावे उर्दूत आणि मराठीत लिहावीत, ती फोनवर उघडावीत, एखादे नाव शोधून बघावे आणि कागदावर छापून पाहावे. उर्दू नावे उजवीकडून नीट वाचता आली पाहिजेत. रकमा मात्र इंग्रजी अंकांतच लिहाव्यात, नाहीतर बेरजेत घोळ होऊ शकतो.

विजेचे तर आपण जाणतोच. लाइन गेली, इंटरनेट बंद पडले, आणि दारात ट्रक उभा आहे, अशा वेळी चलन बनणार कसे? काही स्वस्त योजनांत कार्यक्रम केवळ इंटरनेटवरच चालतो, संगणकात उतरवता येत नाही. गूगलमध्ये इंटरनेटशिवाय काम करण्याची सोय आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. घेण्यापूर्वी एक दिवस मुद्दाम इंटरनेट बंद करून काम करून बघा.

मग घ्यावे काय?

एकटा-दुकटा कारागीर असेल तर भाड्याची काहीच गरज नाही. लिब्रेऑफिस नावाचे सॉफ्टवेअर २०१० पासून उपलब्ध आहे. ते पूर्णपणे फुकट आणि कायदेशीर आहे, आणि इंटरनेटशिवाय चालते. शे-दोनशे रुपयांत चोरीचे ऑफिस 'टाकून' देणाऱ्यांपासून दूरच राहावे. ते दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी आहे, आणि त्याच्याबरोबर येणारा व्हायरस सगळा हिशोब कुलूपबंद करून खंडणी मागू शकतो. आपल्या विणीची नक्कल झाली की आपला जीव जळतो, मग इथे आपण तेच का करावे?

तीन ते दहा माणसांच्या पेढीने भाड्याची सेवा जरूर घ्यावी. ज्यांचे काम बहुतांशी मोबाईलवर चालते, त्यांना गूगल सोपे जाते. ज्यांच्याकडे एक्सेलचे मोठे तक्ते आहेत आणि कर-सल्लागारही त्यातच काम करतो, त्यांनी मायक्रोसॉफ्ट घ्यावे, पण कार्यक्रम संगणकावर उतरवता येणारी योजना निवडावी. भारतीय कंपनी हवी आणि बिले, जीएसटी, ईमेल एकाच घरात हवे, त्यांनी झोहो पाहावे. ज्यांचा हिशोब टॅलीवर नीट चालला आहे, त्यांनी केवळ फॅशन म्हणून तो मोडू नये. टॅली आपल्या संगणकावर राहू द्या, तिची रोजची प्रत क्लाऊडवर जाऊ द्या. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर नियम अधिक कडक आहेत. हिशोबाची रोजची प्रत भारतातील सर्व्हरवर असणे आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. मालकी आणि भागीदारीच्या पेढ्यांना हे नियम लागू नाहीत, तरी शिस्त म्हणून ते चांगलेच आहेत.

आणि एकदम वर्षाचे पैसे भरू नका. महिनाभर वापरून पाहा. जो रोज त्यावर बसणार आहे, त्याला विचारा, मालकाच्या आवडीवर ठरवू नका.

व्यापारात आपली सर्वांत मोठी पुंजी म्हणजे पत. ती टिकते ती वेळेवर देण्याने आणि चोख हिशोबाने. बँक कर्ज देताना, व्यापारी उधार देताना, कर अधिकारी चौकशी करताना, सर्वजण एकच गोष्ट मागतात: कागद दाखवा. तो कागद वहीत असो की क्लाऊडवर, मागितला तेव्हा आपल्या हाताने काढून देता आला पाहिजे. शुक्रवारी माग बंद असतात. येत्या शुक्रवारी नमाजनंतर तासभर काढा आणि पेढीचे खाते कोणाच्या नंबरवर आहे, एवढे तरी तपासून घ्या. नंबर आपला नसेल, तर नवे सॉफ्टवेअर निवडण्याचे काम बाजूला ठेवून आधी तो बदलून घ्या.